श्वासावर लक्ष ठेवणेच असह्य होत असेल, तर शोकात ध्यान कसे करावे?

सावली

आईला जाऊन दहा महिने झाले. शेवटचे पाच आठवडे ती अंथरुणाला खिळून होती आणि शेवटच्या रात्री तिच्या उशाशी मी एकटीच बसले होते. त्या रात्री तिचा श्वास सलग चालत नव्हता. तो हळूहळू मोठा होई, मग लहान लहान होत जाई आणि थांबे. थांबला की मी मनातल्या मनात आकडे मोजू लागे. सतरा, एकोणीस, एकदा तर सव्वीसपर्यंत गेले आणि मग पुन्हा श्वास आला. पहाटे केव्हातरी मी चाळीसपर्यंत मोजले, साठपर्यंत मोजले, आणि त्यानंतरही बराच वेळ मोजतच राहिले.

ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ध्यान करू लागले. मोबाइलवरचे एक ध्वनिमुद्रण लावून रोज वीस मिनिटे बसायचे, एवढेच. त्यात एक अत्यंत शांत आवाज सांगतो, "श्वास पूर्ण बाहेर सोडा, आणि पुढच्या श्वासाची वाट पाहा." हे वाक्य आले की माझे हात गार पडतात, कारण त्या रात्री मी नेमके तेच करत होते. पहिले काही दिवस मी रेटून बसले. मग रडू येऊ लागले. आता तर आसनावर बसण्याच्या विचारानेच छाती भरून येते. तरीही ध्यान सोडावेसे वाटत नाही, कारण दिवसभरात आईची आठवण मोकळेपणाने येऊ द्यायला माझ्याकडे दुसरी जागाच नाही.

घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की आत्मा अमर आहे, साधना करणाऱ्याने शोक करू नये, आणि ध्यानात रडणे हे मन कच्चे असल्याचे लक्षण आहे. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मला इतकेच विचारायचे आहे की, ज्यांनी स्वतः अशा काळात साधना केली आहे त्यांनी श्वासाला पर्याय शोधला का, रडू आले असता ते आवरले की येऊ दिले, आणि ध्यानाने शोक मिटावा ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे का?

जुना वाचक

सावलीताई, ते वाक्य सांगणाऱ्याने सद्भावनेनेच सांगितले असणार, पण ते सांगताना तुमच्यासारखा ऐकणारा त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. श्वास म्हणजेच ध्यान, अशी समजूत अलीकडे इतकी रुळली आहे की, श्वास नको असेल तर ध्यानच आपल्यासाठी नाही असे लोकांना वाटू लागते. परंपरा तसे म्हणत नाही.

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादातील ३४ ते ३९ ही सहा सूत्रे एकापाठोपाठ वाचून पाहा. चित्त स्थिर करण्याचे उपाय त्यांत सांगितले आहेत आणि सहाही सूत्रांत 'वा', म्हणजे 'किंवा', हा शब्द आहे. 'प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य' हे श्वासाचे सूत्र त्यांतील पहिले. श्वास बाहेर सोडून रोखून धरण्याचा उल्लेख त्यातच आहे, आणि तुमची दुखरी जागा नेमकी तीच आहे. ते न मानवल्यास पुढे 'विशोका वा ज्योतिष्मती', म्हणजे शोकरहित, प्रकाशमय अशा वृत्तीचा उपाय आहे, आणि अखेरीस 'यथाभिमतध्यानाद्वा', म्हणजे ज्याला जे रुचेल त्याच्या ध्यानाने, असे सरळ म्हटले आहे. सूत्रकार एकेक अक्षर काटकसरीने वापरतात. तिथे सहा वेळा 'वा' येतो, याचा अर्थ साधकाला निवड करण्याचा अधिकार आहे असाच मी घेतो.

बौद्ध परंपरेतही हेच दिसते. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात चाळीस कर्मस्थाने, म्हणजे ध्यानाचे विषय, सांगितली आहेत, आणि श्वास हे त्यांतील केवळ एक आहे. त्याच ग्रंथात मैत्रीभावनेच्या, म्हणजे दुसऱ्याचे भले चिंतण्याच्या ध्यानाच्या, प्रकरणात एक इशारा आहे, जो आजकाल फारसा कोणी सांगत नाही: मृत व्यक्तीला आलंबन, म्हणजे ध्यानाचा आधार, करून मैत्रीभावना करू नये, कारण तिने चित्त समाधीपर्यंत पोहोचत नाही. तिथे एका तरुण भिक्षूची गोष्ट येते. तो आपल्या आचार्यांना डोळ्यांसमोर ठेवून मैत्रीभावना करत असतो, पण चित्त काही केल्या एकाग्र होत नाही. नंतर कळते की ते आचार्य निवर्तले आहेत. याचा अर्थ आईला आठवू नये असा अजिबात नाही. एकाग्रता आणि स्मरण ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना वेगळी वेळ द्यावी, इतकाच मी तो अर्थ लावतो. तुम्ही बहुधा एकाच वीस मिनिटांत दोन्ही करू पाहत आहात.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी डोळे मिटून बसणे पूर्णपणे बंद केले होते. डोळे उघडे ठेवून, नजर जमिनीवर टाकून, सात-आठ मिनिटे मोठ्याने नामजप करत असे. मोठ्याने जप करताना श्वास आपोआप लांबतो आणि त्याच्याकडे पाहावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. जपमाळ असेल तर बोटांना मण्यांचा आधार मिळतो. मन भरकटले तरी बोट ज्या मण्यावर असते तिथेच असते.

निवृत्त परिचारिका

अनेक वर्षे रुग्णांच्या उशाशी बसण्यात गेली, म्हणून ध्यानापेक्षा त्या रात्रीबद्दल दोन गोष्टी सांगते.

तुम्ही वर्णन केलेल्या श्वसनाला वैद्यकात नाव आहे. जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाहून मेंदू श्वासाचा वेग ठरवत असतो. अखेरच्या काळात ही यंत्रणा मंदावते आणि तिचा प्रतिसाद उशिरा येऊ लागतो, त्यामुळे श्वास वाढत जातो, मग ओसरतो, थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. बघणाऱ्याला वाटते की माणूस गुदमरतो आहे आणि हवेसाठी झगडतो आहे. प्रत्यक्षात त्या अवस्थेत रुग्ण सहसा शुद्धीवर नसतो आणि मधल्या विरामांची त्याला जाणीव नसते. ते विराम तुम्ही सोसलेत. आईंना ते सोसावे लागले असतील असे मला वाटत नाही. हे मी अनेक लेकी-सुनांना समोर बसवून सांगितले आहे, आणि बहुतेकींनी पहिला प्रश्न एकच विचारला आहे: "मी काही करायला हवे होते का?" तुम्ही तो लिहिलेला नाही, पण मनात असेल तर त्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, त्या रात्रीपासून तुमच्या शरीराच्या लेखी श्वासातला विराम म्हणजे धोक्याची खूण आहे. हात गार पडणे, छाती भरून येणे हे मन कच्चे असल्याचे लक्षण मुळीच नाही. शरीर अजूनही पहाऱ्यावर आहे, इतकेच. पहाऱ्यावर उभ्या असलेल्याला बळेच बसवून डोळे मिटायला लावले तर तो अधिकच घाबरतो. त्यापेक्षा चाला. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, अनवाणी, सावकाश. टाच टेकली, तळवा टेकला, बोटे टेकली, एवढेच लक्षात घ्यायचे. वळताना थोडे थांबायचे. रात्रपाळीत कुणाचा मृत्यू पाहिल्यावर मी वॉर्डाच्या लांब व्हरांड्यात अशीच चालत असे. त्याला चंक्रमण म्हणतात आणि ती रीतसर साधना आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

निःशंक

इथे सर्व जण शोकाला गोंजारत आहेत असे दिसते. 'अशोच्यानन्वशोचस्त्वं' हे वचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अगदी आरंभीच येते, आणि जिवंतांचा किंवा मृतांचा शोक पंडित करत नाहीत असे भगवंत तिथे स्पष्ट सांगतात. साधना करायची आणि रडण्याला जागाही मागायची, हे परस्परविरोधी आहे. घरातील वडीलधारी मंडळी कठोर वाटली तरी ती योग्य तेच सांगत आहेत.

पर्ववाचक

निःशंक यांनी दिलेले वचन बिनचूक आहे, म्हणून त्याच महाभारतात त्या वचनाचे पुढे काय झाले ते पाहणे अगत्याचे ठरते.

गीता ज्याने प्रत्यक्ष ऐकली, त्या अर्जुनाचा मुलगा युद्धाच्या तेराव्या दिवशी मारला गेला. संध्याकाळी अर्जुन शिबिराकडे परतू लागला तेव्हाच त्याच्या मनात शंका दाटू लागल्या, आणि अभिमन्यू नाही हे कळल्यावर त्याने केलेला विलाप द्रोणपर्वात विस्ताराने आला आहे. गीता ऐकून पंधरवडाही उलटला नव्हता. श्रीकृष्ण त्या वेळी त्याच्याजवळच होते. त्यांनी अर्जुनाचे सांत्वन केले आणि नंतर सुभद्रेकडेही गेले. "तुला सगळे सांगून झाले होते ना?" असे त्यांनी अर्जुनाला ऐकवले नाही.

युधिष्ठिराचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. युद्धानंतर तो शोकाने खचतो आणि त्याला सावरण्यासाठी व्यास, नारद, श्रीकृष्ण, भाऊ, द्रौपदी आणि शेवटी शरशय्येवरचे भीष्म बोलत राहतात. त्यातून महाभारतातील सर्वांत मोठे पर्व, म्हणजे शांतिपर्व, उभे राहते. पाठोपाठ अनुशासनपर्व येते. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म असे सगळे त्याला सांगून होते. मग भीष्म देह ठेवतात, त्यांना जलांजली दिली जाते, आणि आश्वमेधिकपर्वाच्या अगदी सुरुवातीला हाच युधिष्ठिर पाण्यातून वर येताना गंगेच्या काठावर कोसळतो, जणू व्याधाने विंधलेला हत्ती. एवढा उपदेश ऐकल्यानंतर! मला तर ग्रंथकर्त्याची ही विलक्षण प्रामाणिकता वाटते. उपदेश वाया गेला असे तो म्हणत नाही, आणि उपदेशामुळे शोक संपला असेही दाखवत नाही. युधिष्ठिर पुन्हा उठतो, यज्ञाला लागतो, राज्य करतो, आणि त्या सबंध काळात शोक त्याच्या सोबत असतो.

दुसऱ्या अध्यायातील उपदेशाचा प्रसंगही ध्यानात घ्यावा. ते वचन युद्धाच्या आधी, कर्तव्यापासून मागे सरणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. दहा महिन्यांपूर्वी आईला निरोप दिलेल्या लेकीला ते जसेच्या तसे लागू करणे म्हणजे औषध उत्तम पण रोगी भलताच, असे होईल.

ऐकणारी

शोकग्रस्तांचे समुपदेशन हा माझा व्यवसाय आहे, आणि मी स्वतः ध्यानही करते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते, थोडे लांबेल.

सर्वप्रथम, शोकाचे 'पाच टप्पे' डोक्यातून काढून टाका; कारण ध्यान करणारे पुष्कळ जण नकळत स्वतःची प्रगती त्या पट्टीवर मोजत असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते मृत्यूला सामोरे जात असलेल्या रुग्णांशी केलेल्या संभाषणांतून. मागे राहिलेल्यांना ते पुढे लावले गेले. शोक जिना चढावा तसा चढत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना मला रोजच्या कामात अधिक खरी वाटते: शोक करणारा माणूस दोन काठांमध्ये ये-जा करत असतो. एका काठावर गेलेल्या माणसाची ओढ, आठवणी आणि रडणे असते. दुसऱ्या काठावर बदललेल्या आयुष्याची कामे, नव्या जबाबदाऱ्या आणि शोकापासून घेतलेली सुटी असते. ही ये-जा होत राहणे हीच निरोगी अवस्था समजली जाते. केवळ एकाच काठावर अडकून पडले की त्रास वाढतो.

आता ध्यानाचा विचार या नजरेने करा. तुम्ही लिहिले आहे की आईची आठवण येऊ द्यायला दुसरी जागाच नाही. म्हणजे उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटे तुम्ही दुसऱ्या काठावर आहात, आणि सगळा शोक त्या वीस मिनिटांत कोंबला जातो. मग त्या वीस मिनिटांची धास्ती वाटू लागली तर त्यात आश्चर्य ते काय? आठवणीसाठी आसनाबाहेरही जागा हवी, मग ती कुणाजवळ बोलणे असो, लिहिणे असो किंवा तिच्या वस्तू आवरणे असो. म्हणजे आसनावरचे ओझे हलके होईल.

रडण्याबद्दल मी अशीलांना सांगते ते असे: रडू आले तर येऊ द्यावे, पण त्याच्यामागे गोष्ट गुंफत जाऊ नये. घसा दाटला आहे, डोळे जळत आहेत, गाल ओले आहेत, इथपर्यंत लक्ष असावे. "मी तेव्हा असे केले असते तर" हे वाक्य सुरू झाले की डोळे उघडावेत, पायांखालची जमीन चाचपावी, खोलीतल्या तीन वस्तूंची नावे घ्यावीत. लाट बहुधा ओसरते. नाही ओसरली, तर त्या दिवशीचे ध्यान तिथेच संपले असे समजावे, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये.

निःशंक यांच्या म्हणण्याला पर्ववाचक यांनी उत्तर दिलेच आहे. मी एकच भर घालते. जॉन वेलवुड या मानसोपचारकांनी १९८० च्या दशकात आध्यात्मिक पळवाटेची कल्पना मांडली. न सोसवणाऱ्या भावनांना सामोरे जाण्याऐवजी अध्यात्माच्या उंच कल्पनांआड लपणे, असा तिचा आशय आहे. वेलवुड स्वतः बौद्ध साधक होते, म्हणजे ही टीका घरातूनच आलेली आहे. 'मला काहीच वाटत नाही, मी सगळे स्वीकारले आहे' असे तिसऱ्या आठवड्यात सांगणारी माणसे माझ्याकडे पुष्कळदा दुसऱ्या वर्षी येतात.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'दीर्घकालीन शोक' ही वेगळी नोंद आहे आणि तिच्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकन मनोविकार नियमावलीच्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिने धरले आहेत. मुदत उलटली म्हणजे आजार झाला, असा याचा अर्थ नाही. दैनंदिन जगणे कितपत अडले आहे तेही पाहिले जाते. परंतु झोप तुटली असेल, त्या रात्रीची दृश्ये दिवसाही अचानक समोर उभी राहत असतील, किंवा आपणही जावे असा विचार येत असेल, तर ध्यान बाजूला ठेवून तज्ज्ञांची भेट घ्यावी. शेवटचा विचार येत असेल तर आजच घ्यावी. आसनावर बसून तो एकटीने हाताळण्याचा विषय नव्हे.

तिऱ्हाईत

मी आत्मा मानत नाही, पुनर्जन्म मानत नाही, आणि कोणताही मंत्र माझ्या तोंडी बसत नाही. भाऊ गेला तेव्हा मला वाटले की ज्यांच्याकडे श्रद्धा आहे त्यांची सोय झाली, आपण मात्र उघड्यावर पडलो.

तरीही मी बसतो. रोज रात्री एका ठरलेल्या खुर्चीत पंधरा मिनिटे, समोर दुसरी रिकामी खुर्ची. पहिले काही महिने मी त्याला दिवसाचा वृत्तांत सांगत असे, अगदी क्षुल्लक गोष्टीसुद्धा. लोकांना हे वेडेपणाचे वाटेल म्हणून कुणाला सांगितले नव्हते. पुढे वाचनात आले की गेलेल्यांशी नाते तोडण्याऐवजी ते वेगळ्या रूपात चालू ठेवणे हे स्वाभाविक असते, असे म्हणणारे संशोधक १९९६ पासून आहेत. त्याआधी बराच काळ नाते सोडवून घेणे म्हणजेच बरे होणे, असा समज प्रबळ होता. आता मी फारसे बोलत नाही. दोन्ही खुर्च्या मात्र जागेवर आहेत. याला ध्यान म्हणायचे की नाही, हे श्रद्धाळू मंडळींनी ठरवावे. माझे काही अडत नाही.

सावली

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. काही दिवस नुसती उत्तरे वाचत होते.

परिचारिकाताई, तुमचे उत्तर मी दोन वेळा मोठ्याने वाचले. न लिहिलेला प्रश्न तुम्ही ओळखलात. ते नाव कळल्याने इतका फरक का पडावा हे मला नीट सांगता येणार नाही, पण जे मला फक्त माझ्या आईचे आणि फक्त त्या रात्रीचे वाटत होते, ते दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच खाटेजवळ उभे राहून लिहून ठेवले आहे, हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होते.

ध्वनिमुद्रण मोबाइलवरून काढून टाकले. आता मी चालते. माझ्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावले होतात. पहिले चार दिवस वळताना थांबणेदेखील जड गेले, कारण थांबले की कान आपोआप टवकारत. म्हणून सुरुवातीला न थांबताच वळत राहिले आणि आता एखाद-दोन क्षण थांबता येते. आईसाठी वेगळी वही केली आहे. तिच्यात मी रोज लिहीत नाही. ज्या दिवशी लिहिते त्या दिवशी चालणे अधिक शांतपणे होते, हे जुना वाचक आणि ऐकणारी यांनी म्हटल्याप्रमाणेच घडले. एकदा चालता चालता हुंदका आला, तेव्हा गाल ओले झाल्याकडे लक्ष दिले आणि पावले तशीच पडत राहिली.

निःशंक, तुमचा मला राग आलेला नाही. घरात मी तेच ऐकते, आणि ते सांगणाऱ्यांनाही आईच्या जाण्याने रडू आले होते, हे मला ठाऊक आहे. पर्ववाचक यांनी सांगितलेला गंगेकाठचा प्रसंग मी घरी वाचून दाखवला. कुणी काही बोलले नाही, पण ग्रंथ परत मागून घेतला आणि पुढचे पान उलटले.

गेल्या आठवड्यात माझी भाची मुक्कामाला होती आणि माझ्याच शेजारी झोपली. रात्री जाग आली तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता, आणि माझ्याही नकळत मी दोन श्वासांमधले अंतर मोजायला लागले. एक, दोन, एक, दोन, असे पुष्कळ वेळा झाले. मोजणे नेमके कधी सुटले ते आठवत नाही, कारण नंतर मला झोप लागली.

झोप अजून रोज लागते असे नाही, आणि ती रात्र दिवसाही कधी कधी समोर येते, म्हणून समुपदेशकांची वेळ घेतली आहे. पहिली भेट पुढच्या गुरुवारी आहे. तिथे वही न्यावी की नाही, हे अजून ठरवलेले नाही.